कासवीची दृष्टी आणि नातवाचे पुस्तक



तीन वर्षांपूर्वी माघात एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता आणि संध्याकाळच्या प्रवचनाची सेवा माझ्याकडे होती. शनिवार-रविवार जोडून आल्यामुळे पुण्याहून लेक, जावई आणि नातूही तिकडेच आले होते. नातू तेव्हा पाचवीत. विषय चालला होता भगवंताच्या कृपादृष्टीचा. मी आमच्या परंपरेतला नेहमीचा दृष्टान्त घेतला. कासवीला दूध नाही, ती पिलांना चारा भरवीत नाही, पंखाखाली घेत नाही. ती नदीच्या ऐलतीरी, पिले पैलतीरी. ती नुसती त्यांच्याकडे पाहते आणि तेवढ्या दृष्टीने पिलांचे पोषण होते. तसा तो पंढरीचा राणा कटीवर कर ठेवून भक्तांकडे पाहतो. हा दृष्टान्त मी चाळीस वर्षे सांगत आलो आहे. या ठिकाणी माना डोलतात, एखाद्या म्हातारीच्या डोळ्यांत पाणी येते. त्या दिवशीही तसेच झाले.

प्रवचन संपले, आरती झाली, मंडळी पाया पडायला येऊ लागली. तेवढ्यात नातू गर्दीतून पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "आजोबा, कासवीण पिल्लांकडे बघतच नाही. ती वाळूत अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लं बाहेर येतात तेव्हा ती तिथे नसतेच." त्याच्या हातात समुद्री कासवांवरचे एक रंगीत पुस्तक होते. पान उघडून त्याने माझ्यापुढे धरले.

मी काय करावे? मी म्हणालो, "मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलू नये." मंडळी हसली. त्याने पुस्तक मिटले, दप्तरात ठेवले आणि जेवायच्या पंगतीत तो माझ्या शेजारी बसला नाही.

वाचकहो, एवढीच घटना. मुलाला दटावणे ही काही मोठी चूक म्हणून कोणी धरणार नाही. पण त्या रात्री मला झोप लागेना. मी मुलाला गप्प केले ते शिस्तीसाठी नव्हे. तो खरे बोलत असावा असे मला आत कुठेतरी वाटले, म्हणून केले. सत्याचा उपदेश करून उठलेल्या माणसाने पाच मिनिटांत सत्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

सगळे झोपल्यावर मी दप्तरातून ते पुस्तक काढले आणि देवळाच्या ओवरीतल्या दिव्याखाली बसून वाचले. मुलांसाठी लिहिलेले पुस्तक एका बैठकीत संपते. मादी रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी वाळूत हात-दीड हात खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, खड्डा बुजवते, अंगाने वाळू दाबून सारखी करते आणि परत जाते. पुढचे पंचेचाळीस ते साठ दिवस ऊब द्यायचे काम वाळू करते. वाळू जास्त तापली तर माद्या अधिक निपजतात, थंड राहिली तर नर. पिले बाहेर येतात आणि जिकडे उजेड दिसेल तिकडे धावतात. रात्री समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, म्हणून ती पाण्याकडे जातात. किनाऱ्यावर हॉटेलाचे दिवे असले की फसतात आणि उलट दिशेने जाऊन मरतात. पुढे त्यांतल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला जमिनीवर येतात. नर मात्र एकदा पाण्यात शिरला की बहुधा जन्मभर वाळूला शिवत नाही.

हे सारे मी साठी उलटल्यावर प्रथमच वाचत होतो. ज्या जीवाचे नाव घेऊन मी चाळीस वर्षे लोकांना रडवले, त्याच्याविषयी मला एका पानाचीही माहिती नव्हती.

आता प्रश्न उभा राहिला, आणि तो मी नुसता माझा प्रश्न मानत नाही. कीर्तन-प्रवचन करणाऱ्या, ऐकणाऱ्या, मुलांना संतांच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रत्येकाचा तो आहे. संतांचा दृष्टान्त एक सांगतो आणि निसर्गाचे पुस्तक दुसरे सांगते, तेव्हा आपण मुलाला काय सांगायचे?

सोपी उत्तरे दोन आहेत. एक म्हणते, पुस्तके पाश्चात्त्यांची, संतांचे वचन तेवढे खरे. हे उत्तर टिकत नाही, कारण वेळासच्या किनाऱ्यावर जाऊन कोणीही डोळ्यांनी पाहू शकतो. दुसरे म्हणते, संत बिचारे जुन्या काळचे, त्यांना विज्ञान ठाऊक नव्हते, सोडून द्या. हे उत्तर देणारा स्वतःला फार शहाणा समजतो, परंतु त्याने ज्ञानेश्वरी नीट वाचलेली नसते.

का, ते सांगतो. पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहाचे वर्णन करताना माउलींनी भुंग्याचे उदाहरण घेतले आहे. कोरडे लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. यातला लाकूड पोखरणारा भुंगा काल्पनिक नाही. आपल्या घराच्या वाशांना, बांबूला बोट जाईल एवढे गोल भोक पाडून त्यात घर करणारा काळा-निळा भुंगा ज्याने पाहिला असेल त्याला हे पटेल. तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवरण आहे. तिथे अहिंसक पुरुषाच्या चालण्याला उपमा दिली आहे ती कमळावर पाय टेकणाऱ्या भ्रमराची, केसर चुरगळेल या शंकेने हळुवार पाऊल टाकणाऱ्याची. फुलावर बसलेला भुंगा जवळून, वेळ देऊन पाहिल्याशिवाय हे सुचत नाही. तेव्हा या मंडळींना निसर्ग माहीत नव्हता असे म्हणणाऱ्याने आपण शेवटचा भुंगा केव्हा पाहिला ते आधी आठवावे.

मग चकोर? चकोर चांदण्यातले अमृतकण टिपतो असे माउली सांगतात. चकोर नावाचा तित्तिराच्या जातीचा पक्षी खरोखर आहे. तो पश्चिम हिमालयाच्या उघड्या, खडकाळ उतारांवर राहतो, बिया, गवताचे कोंब, किडे खातो. महाराष्ट्रात तो आढळत नाही. नेवाशाला खांबाला टेकून बसलेल्या माउलींच्या पुढे तो कधी आला असेल असे वाटत नाही. तो त्यांच्याकडे आला तो ग्रंथांतून. दूध आणि पाणी वेगळे करणारा हंस तसाच आला. दृष्टीने पिले पोसणारी कासवी तशीच आली.

इथे एक गंमत आहे. चाणक्याच्या नावावर सांगितले जाणारे एक संस्कृत सुभाषित आहे. त्यात मासोळी पिलांना दृष्टीने पोसते, कासवी ध्यानाने, म्हणजे आठवणीने, आणि पक्षीण स्पर्शाने, असा क्रम आहे. आमच्या मराठी परंपरेत मात्र दृष्टी कासवीकडे आली. म्हणजे परंपरेतच दोन पाठ आहेत. जो म्हणेल की यातले अक्षर न् अक्षर घडलेली हकीकत आहे, त्याने आधी या दोहोंतला खरा कोणता ते सांगावे.

त्या रात्री ओवरीत बसून मला जे उमगले ते असे. संतांच्या दृष्टान्तांत दोन जातीचे निसर्ग आहेत. एक पाहिलेला आणि एक वाचलेला-ऐकलेला. म्हणजे निसर्गाविषयी वाचणे ही काही आजकालच्या रंगीत पुस्तकांनी आणलेली चाल नाही. आपल्या थोर पूर्वजांनी तेच केले. जो पक्षी देशात नाही तो वाचनाने देशात आणला आणि सातशे वर्षे तो इथल्या माणसांच्या जिभेवर नांदतो आहे. त्यांनी त्यांच्या काळच्या उत्तमोत्तम ग्रंथांतले घेतले. मी मात्र माझ्या काळचे एकही पुस्तक न उघडता त्यांचेच पुन्हा सांगत होतो आणि त्याला निष्ठा म्हणत होतो.

न्यायशास्त्रात दृष्टान्ताची व्याख्या आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ती येते. ज्या गोष्टीविषयी साधा माणूस आणि परीक्षक या दोघांची बुद्धी सारखी असते, तो दृष्टान्त. ही व्याख्या मी पाठशाळेत घोकली होती. तिचा अर्थ मला एका पाचवीच्या मुलाने शिकवला. पूर्वी श्रोता आणि पंडित दोघेही कासवीची ती गोष्ट मानीत होते, तोवर तो दृष्टान्त होता. आता परीक्षक उभा राहिला आणि म्हणाला, मला हे मान्य नाही. मग तो दृष्टान्त उरत नाही. ते काव्य उरते. काव्य म्हणून त्याचे मोल तिळभर कमी होत नाही, पण "पहा, निसर्गात असे घडते" हे शब्द त्याच्या आधी लावण्याचा मला अधिकार राहत नाही. भगवंत कृपादृष्टीने पाहतो हा सिद्धान्त कासवीच्या खांद्यावर उभा नव्हताच. मीच त्याला तिच्या पाठीवर बसवले होते.

दुसऱ्या वर्षी फाल्गुनात नातवाला घेऊन मी वेळासला गेलो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातले हे गाव, नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून प्रसिद्ध. २००२ सालापासून तिथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांची घरटी राखायचे काम सुरू केले. त्यापूर्वी अंडी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. आता पहाटे किनारा फिरून मादीच्या पायखुणा शोधतात, अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात हलवतात, पाटी लावतात. दिवस भरत आले की त्यावर टोपली पालथी घालतात आणि सकाळ-संध्याकाळ उचलून पाहतात. पिले निघालेली असली तर समुद्रापासून थोडी अलीकडे वाळूवर सोडतात आणि पुढचे अंतर त्यांचे त्यांना चालू देतात.

आम्ही गेलो त्या संध्याकाळी दोन टोपल्या रिकाम्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरीखाली पिले होती, हाताच्या तळव्यात मावतील एवढी, काळपट. नातू दोरीच्या अलीकडे पोटावर झोपून पाहत होता. मी टोपली उचलणाऱ्या त्या माणसाकडे पाहत होतो. आई नाही, आणि हा कोण कुठला माणूस दीड-दोन महिने कुंपणावर नजर ठेवून आहे. मनात आले, कासवीची दृष्टी म्हणतात ती ही. मी तसे त्याला बोललोही. तो म्हणाला, "महाराज, आमच्या आधीच्यांनी हीच अंडी बाजारात विकलीत. आम्ही काय उपकार करतो?" मी गप्प झालो. प्रवचनकाराला प्रत्येक गोष्टीचा दृष्टान्त करायची खोड असते. तिला अधूनमधून असा कोणीतरी लगाम घालावा लागतो.

त्या वर्षी एका दुसऱ्या गावी मी प्रवचनात सगळे सरळ सांगितले. संत असे म्हणतात, त्या काळी असे मानीत, आता पाहणाऱ्यांनी पाहिले ते असे आहे. संपल्यावर एक जुने माळकरी उठले. चाळीस वाऱ्या केलेला माणूस, माझ्यापेक्षा वयाने मोठा. म्हणाले, "महाराज, म्हणजे संत चुकले म्हणता का?" मी वरची सगळी मांडणी त्यांना सांगितली. त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "तुमचं शास्त्र बरोबर असेल. पण आज मी घरी जाताना हात रिकामे घेऊन चाललोय." हे वाक्य मला अजून टोचते. माझ्या युक्तिवादात चूक होती असे मला वाटत नाही. पण ज्याच्याकडून काही काढून घेतले त्याला काही द्यायला हवे होते, आणि त्या दिवशी माझ्याजवळ फक्त खंडन होते. आज ते भेटले तर मी त्यांना ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ साली क्रमांकाची खूण लावलेल्या मादीची गोष्ट सांगेन. २०२५ च्या जानेवारीत ती आपल्या गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. पूर्वेच्या समुद्रातून पश्चिमेच्या समुद्रात, ना वाट, ना विसाव्याचे ठिकाण, ना सोबतीला दिंडी. चाळीस वाऱ्या केलेल्या पायांना याचे मोल माझ्यापेक्षा जास्त कळले असते.

तेव्हापासून आमच्या घरी वाचन सुरू झाले. नातू सुट्टीत येतो तेव्हा तो वाचतो, एरवी मी. ऐकायला माझी आई, वय नव्वदीच्या घरात, अक्षरओळख नाही, सौभाग्यवती, आणि शेजारची दोन मुले. वारकऱ्याला एकट्याने मनात वाचायची सवय नसते. आम्ही पारायण करणारे लोक, मोठ्याने वाचतो, चारजणांत वाचतो, क्रमाने वाचतो. निसर्गाच्या पुस्तकांना ही रीत फार मानवते असा माझा अनुभव आहे. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ साली निघाले. त्यात मराठी महिन्यांप्रमाणे लेख आहेत. ते आम्ही त्या त्या महिन्यात तो तो लेख असे वर्षभर वाचले. भाषा मुलांना जड जाते, पण वाचून झाल्यावर दार उघडून बाहेर पाहिले की अर्धे आपोआप कळते. आई ऐकताना मध्येच थांबवते आणि सांगते, आमच्याकडे या झाडाला दुसरे नाव होते. मग पुस्तक बाजूला राहते आणि ते नाव वहीत जाते.

मारुती चितमपल्ली यांनी आयुष्यभर हेच केले. उभी नोकरी वनखात्यात काढली, संस्कृत ग्रंथ अभ्यासले आणि रानात राहणाऱ्या माणसांच्या तोंडून पाखरांची, झाडांची नावे गोळा केली. त्यांचा 'पक्षिकोश' चाळताना मला नामस्मरणाची आठवण होते, हे मी विनोदाने म्हणत नाही. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरला ते गेले. ती बातमी वाचली त्या दिवशी आम्ही 'पक्षी जाय दिगंतरा' मधले काही वाचून ठेवले. आमच्याकडे गेलेल्या माणसासाठी असेच काही वाचतात.

या वाचनात एकदा मोठी अडचण आली. व्यंकटेश माडगूळकरांचे 'सत्तांतर' घेतले. १९८२ चे पुस्तक, पुढल्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट आहे. बाहेरचा नर येतो, टोळीच्या म्होरक्याला हुसकावतो आणि त्याची लहान पिले मारून टाकतो. सौभाग्यवतींनी वाचन थांबवले. म्हणाल्या, पोरांपुढे हे कशाला? हनुमंताची जात ती. त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नव्हते. आमच्या देवळात वानर येतात, त्यांना आम्ही चणे घालतो, हात जोडतो. त्याच वानराने तान्हे पोर आईच्या कुशीतून ओढून मारले हे ऐकल्यावर हात जोडताना मनात काय येईल?

भक्तिमार्गी माणसाला निसर्ग गोड हवा असतो. पहाट, पाखरे, तुळस, गाय-वासरू. तुकोबा भंडाऱ्यावर, भामचंद्रावर एकांतात बसत, तिथे नुसती पाखरे गात होती असे आपण चित्र काढतो. त्या डोंगरांवर साप होते, तरस होते, घारीने उंदीर उचललेला त्यांनी रोज पाहिला असेल. तरीही त्या माणसाने झाडापाखरांना सोयरे म्हटले. मला वाटते, या शब्दाचा अर्थ आपण फार हलका करून टाकला आहे. सोयरा म्हणजे सज्जन नव्हे. आपल्या सोयऱ्यांत दारुडा असतो, भाऊबंदकीत डोके फोडणारा असतो. तो वाईट वागला म्हणून नाते तुटत नाही आणि नाते आहे म्हणून त्याचे वागणे आपण मुलांना कित्ता म्हणून गिरवायला देत नाही. वानराकडून नीती शिकायची नाही. ती कासवीकडूनही नाही. पिले सोडून जाणारी आई निर्दय नव्हे आणि पिले मारणारा नर दुष्ट नव्हे. दया आणि दुष्टपणा हे शब्द जिथे निवड करता येते तिथे लागतात, आणि ती करता येणारा प्राणी चणे घेऊन उभा असतो.

हे सगळे मी त्या मंडळींना समजावून सांगितले असे मात्र नाही. मी विचार करीत होतो तेवढ्यात आईच म्हणाली, "वाच रे. आम्ही काय मेलेली पोरं पाह्यली नाहीत?" आणि नातवाने पुढे वाचले. शेजारची धाकटी मुलगी उठून घरी गेली, तिला आम्ही अडवले नाही. सर्व वयांना एकच पुस्तक चालते असे नाही, पण कोणते चालेल हे वयावरून ठरत नाही एवढे मी शिकलो.

सोयरे म्हटले की आणखी एक गोष्ट येते, आणि ती सांगायचे मी इतका वेळ टाळत होतो. ज्या गावच्या सप्ताहात नातवाने मला टोकले, त्या गावी देवळाशेजारी एक जुने उंबराचे झाड होते. आदल्या वर्षी सभामंडप वाढवायचा म्हणून ते तोडले. तोडण्यापूर्वी मंडळींनी मला विचारले होते, "महाराज, काही दोष तर नाही ना?" मी म्हणालो, देवाच्या कामासाठी आहे, संकल्प सोडून तोडा. आणि त्याच नव्या मंडपात, जिथे ते झाड होते त्या जागेपासून दहा पावलांवर बसून, मी सोयऱ्यांवर प्रवचन केले. तेव्हा मला त्यात काही विसंगत वाटले नाही.

उंबराविषयी मी नंतर वाचले. उंबर म्हणजे फळ दिसते, पण ते आतून फुलांनी भरलेले असते. माशीपेक्षाही लहान एक कीटक त्याच्या तोंडाच्या बारीक छिद्रातून आत शिरतो. ती मादी असते. तिथे ती अंडी घालते, अंगावरचे पराग फुलांना लागतात आणि ती आतच मरते. तिची पिले तिथेच वाढतात. नरांना पंख नसतात. त्यांचा जन्म-मरण सगळा त्या फळातच. माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराच्या शोधात बाहेर उडतात. या कीटकावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून कीटकाला जागा नाही. म्हणून परिसरात कुठल्या ना कुठल्या झाडावर कच्ची फळे असावीच लागतात. इतर झाडांना फळ नसते तेव्हाही उंबरावर ते सापडते, आणि तांबट, हारीत, वटवाघळे त्यावर जगतात. संतांनी उंबरातले किडे सांगितले ते ब्रह्मांडाचा पसारा समजावण्यासाठी. मी ते शब्द अनेकदा बोललो. त्या किड्यांचे ब्रह्मांड मी संकल्प सोडून तोडायला सांगितले होते.

दोष होता की नाही? शास्त्रार्थ काढू म्हटले तर दोन्हीकडून काढता येईल. मंडप झाला, पावसात भजन होते, म्हाताऱ्या माणसांची सोय झाली, हे खोटे नाही. मंडप दुसऱ्या बाजूने वाढवता आला असता, हेही खोटे नाही. मला खटकते ते एवढेच की मला विचारले तेव्हा मी त्या झाडाकडे मान वर करून पाहिलेसुद्धा नव्हते. सोयऱ्याला घराबाहेर काढायचा प्रसंग संसारात येतो, पण निदान त्याचे तोंड पाहून येतो.

एखादा म्हणेल, हे पुस्तक वाचून कळायला हवे होते का? डोळे नव्हते का? होते. पण माझ्या डोळ्यांना पाहायचे काय हे ठाऊक नव्हते. सलीम अलींची गोष्ट प्रसिद्धच आहे. लहानपणी त्यांनी बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, म्हणून मामांनी त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथल्या सचिवांनी, मिलार्ड साहेबांनी, त्यांना जतन केलेले पक्षी दाखवले आणि पुस्तके दिली. मारलेल्या चिमणीपासून निघालेला मुलगा पुढे पाखरांचा राखणदार झाला. मध्ये कोणीतरी त्याचा प्रश्न ऐकून घेतला होता. मोठी माणसं बोलताना मध्ये बोलू नये, असे त्याला कोणी म्हटले नाही.

नातवाची मी माफी मागितली ती वेळासला, परतीच्या गाडीत. त्याला तो प्रसंग आठवतच नव्हता. किंवा आठवत नाही असे तो म्हणाला.

या माघात त्याच गावच्या सप्ताहाचे पुन्हा बोलावणे आले आहे. मंडप तोच. त्यांना पत्रिका छापायला द्यायची आहे म्हणून दोनदा फोन आला, प्रवचनाचा विषय काय लिहू? 'उंबर' असे सांगायचे माझ्या मनात आहे, आणि मंडपाच्या मागच्या पडीक जागेत दोन रोपे लावायची परवानगीही तिथेच सर्वांसमोर मागायची आहे. ज्यांनी झाड तोडले ते सगळे पुढच्या रांगेत बसणारे, आणि तोडा म्हणणारा मी व्यासपीठावर. फोन करणाऱ्याला मी सांगितले आहे, दोन दिवसांत कळवतो.